'चांगली शाळा' विचारताना आपण नेमकं काय विचारतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघं आयटीत, सध्या जर्सी सिटीत भाड्याने राहतात, मुलगी सव्वाचार वर्षांची. ती किंडरगार्टनला जायच्या आत घर घ्यायचंय. ओळखीतले सगळे तीन-चार टाऊनचीच नावं घेतात, कारण तिथल्या शाळांचं रेटिंग दहापैकी नऊ नाहीतर दहा. एका नातेवाइकांनी तर "अमक्या रस्त्याच्या पलीकडे बघूच नका" असं बजावलंय. एजंट बाईंना "तिकडची वस्ती कशी आहे हो?" विचारलं तर त्यांनी विषयच बदलला. त्या काही लपवतायत का? आणि हल्ली 'स्ट्रक्चरल रेसिझम', म्हणजे व्यवस्थेतच मुरलेला वंशभेद, म्हणतात तो यात खरंच आहे, की हा सगळा पैशाचा खेळ?

आधी तुमच्या एजंटबद्दल. त्या काही लपवत नाहीयेत, लायसन्स सांभाळतायत. मी न्यू जर्सीत बावीस वर्षं घरं विकते आहे आणि या प्रश्नावर मीही गप्प बसते. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ला झाली आणि रखडलेल्या फेअर हाउसिंग कायद्यावर ११ एप्रिलला सही झाली. गिऱ्हाइकाचा वंश, धर्म, मूळ देश बघून त्याला एखाद्या भागाकडे वळवणं किंवा तिथून परतवणं तेव्हापासून बेकायदा आहे. धंद्यात याला स्टीअरिंग म्हणतात. हे करताना वाईट हेतू असावाच लागतो असं नाही, हे मला फार लवकर कळलं.

नवी होते. पुण्याहून आलेलं कुटुंब होतं, आजी-आजोबा सहा-सहा महिने येऊन राहणार होते. मी मोठ्या प्रेमाने म्हटलं, "एडिसनला बघा ना, आजींना करमेल, देऊळ जवळ, आपली माणसं भरपूर." पलीकडच्या टेबलावरच्या सीनियर बाईंनी, मराठी कळत नसतानाही, 'एडिसन' ऐकलं. गिऱ्हाईक गेल्यावर मला विचारलं, त्यांनी देऊळ जवळ हवं असं सांगितलं होतं का? नव्हतं सांगितलं. मग तू कशावरून ठरवलंस? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आडनाव ऐकून मी नकाशाचा एक कोपरा उघडला होता आणि बाकीचा मिटून टाकला होता. ते कुटुंब खूश होतं, हे वेगळं.

लाँग आयलंडवर न्यूजडे या दैनिकाने तीन वर्षं छुप्या चाचण्या करून २०१९ मध्ये त्याचा तपशील छापला. सारखी ऐपत, सारखी मागणी असलेले दोन बायर एकाच एजंटकडे वेगवेगळे पाठवायचे, एक गोरा आणि दुसरा गोरा नसलेला. कृष्णवर्णीय बायरच्या बाबतीत ४९ टक्के चाचण्यांत वेगळ्या वागणुकीचा पुरावा मिळाला, लॅटिनोंच्या ३९ टक्के, आशियाईंच्या १९ टक्के. बहुतेकांच्या बाबतीत कुणी दार आपटलं नव्हतं, कुणी शिवी दिली नव्हती. चहा-कॉफी विचारून, हसतमुखाने, पण यादी वेगळी काढून हातात दिली होती.

म्हणून 'वस्ती' हा शब्द आमच्या तोंडातून गेला. मग लोकांनी दुसरा शोधला. "शाळा कशा आहेत?" हा प्रश्न कुणालाही, कुठेही, लाज न वाटता विचारता येतो. आईबापांनी मुलाच्या शाळेची चौकशी करावी, त्यात गैर काय? पण गेल्या दहा वर्षांत 'वस्ती'चं सगळं काम 'शाळा' या शब्दाने अंगावर घेतलंय असं माझं मत आहे. तुम्हाला मिळालेलं ते नऊ-दहाचं रेटिंग बघा. त्या आकड्यात मोठा वाटा परीक्षेच्या निकालांचा असतो, आणि परीक्षेचा निकाल शाळेपेक्षा घरच्या उत्पन्नाबद्दल, आईबापांच्या शिक्षणाबद्दल जास्त बोलतो. दोन इंजिनीयरांची मुलं असलेल्या शाळेचा निकाल चांगला लागणारच. शिक्षिकेने त्यात काय भर घातली ते त्या आकड्यात क्वचितच दिसतं. म्हणजे रेटिंग बघून घर निवडणारा माणूस पुष्कळदा शेजाऱ्यांची पगारपत्रकं बघून घर निवडत असतो. आणि अमेरिकेत पगारपत्रक आणि कातडीचा रंग ही दोन प्रकरणं वेगळी काढता येत नाहीत. का, ते सांगते. इथे जरा लांबेन.

काही वर्षांपूर्वी एका मराठी जोडप्यासाठी १९२० च्या दशकातलं विटांचं सुंदर घर बघितलं होतं. ऑफर मंजूर झाली. मालकी हक्क तपासणाऱ्या टायटल कंपनीकडून जाडजूड कागद आले, त्यात एका जुन्या डीडची, म्हणजे खरेदीखताची, अस्पष्ट फोटोकॉपी होती. मी ती त्यांच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, पोह्यांच्या बशा बाजूला सारून समजावून देत होते. पाचव्या का सहाव्या कलमात होतं की ही मालमत्ता गोऱ्या वंशाबाहेरच्या कुणालाही विकू नये, भाड्याने देऊ नये, वापरू देऊ नये. अपवाद फक्त घरात राहणाऱ्या नोकरांचा. नवरा हसला. बायको हसली नाही. म्हणाली, "म्हणजे तेव्हा आपल्याला या घरात राहायचं असतं तर भांडी घासायलाच यावं लागलं असतं." बरोबर होतं तिचं. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं होतं की भारतीय माणूस कायद्याने 'गोरा' नाही, म्हणून नागरिकही होऊ शकत नाही. ते दार १९४६ मध्ये किलकिलं झालं.

ही कलमं १९४८ च्या शेली विरुद्ध क्रेमर या निकालानंतर कोर्टातून अमलात आणता येईनात. आज ती मेलेली आहेत. त्या जोडप्याने घर घेतलंच, आणि मीही तेच सांगितलं असतं. पण पाव शतकभर त्या कलमांनी कोण कुठे राहील ते ठरवून ठेवलं, आणि नेमक्या त्याच काळात सरकारी पैसा घरांकडे वाहायला लागला.

याआधी अमेरिकेत गृहकर्ज म्हणजे पाच-दहा वर्षांची मुदत, निम्मी रक्कम खिशातून, आणि शेवटी एकदम मोठा हप्ता. मंदीत लाखो घरं गेली. १९३३ मध्ये बुडणारी गृहकर्जं सावरायला एचओएलसी नावाची सरकारी संस्था निघाली, तिने कुठे कर्ज देणं किती जोखमीचं ते दाखवायला दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा सर्वांत उत्तम, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे धोका. कृष्णवर्णीयांची वस्ती जवळपास हटकून लाल. रिचमंड विद्यापीठाने हे नकाशे इंटरनेटवर टाकलेत, नेवार्कचाही आहे, जरूर बघा. एक मात्र लक्षात ठेवा. 'रेडलाइनिंग', म्हणजे अशा लाल भागांना कर्ज नाकारणं, म्हटलं की सगळं खापर या नकाशांवर फुटतं, पण माझ्या वाचनाप्रमाणे खरा दणका १९३४ मध्ये आलेल्या एफएचएचा. ही संस्था कर्जाला सरकारी विमा द्यायची. विमा असला की बँक कमी डाऊन पेमेंटवर, वीस-पंचवीस वर्षांच्या सोप्या हप्त्यांवर कर्ज द्यायला तयार. आणि विमा देण्याच्या तिच्या नियमपुस्तकात वेगवेगळ्या वंशांचे लोक एकत्र राहणं हाच धोका धरलेला होता.

आपल्याकडे 'गावकुसाबाहेर' हा शब्द आहे. कूस म्हणजे गावाभोवतीची भिंत. डेट्रॉइटमध्ये १९४१ साली ती भिंत खरोखर बांधली गेली. एका बिल्डरला कृष्णवर्णीय वस्तीला लागून गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, एफएचए विमा देईना. त्याने मध्ये सहा फूट उंच, सुमारे अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत घातली, आणि विमा मिळाला. ती भिंत अजून उभी आहे, तिच्यावर आता चित्रं काढलीत. न्यू जर्सीत मला अशी भिंत कुठे दिसली नाही. इथे भिंती कागदावर आहेत, त्यामुळे जास्त टिकल्या.

आमच्या राज्यातलीच गोष्ट घ्या. उपनगरं बांधणाऱ्या लेविट कंपनीने बर्लिंग्टन काउंटीत १९५८ पासून लेविटटाऊन वसवायला घेतलं आणि कृष्णवर्णीयांना घरं विकणार नाही असं ठरवलं. एका कृष्णवर्णीय लष्करी अधिकाऱ्याने तक्रार केली. कंपनीच्या घरांना एफएचएचा आधार होता, म्हणून भेदभाव करता येणार नाही, असं १९६० मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं. टाऊन खुलं झालं, पुढे नावही जुनं घेतलं, विलिंगबोरो. कृष्णवर्णीय कुटुंबं आली. मग गोऱ्या कुटुंबांच्या अंगणात एकामागून एक 'फॉर सेल'चे बोर्ड लागायला लागले. एक बोर्ड दिसला की शेजारी दुसरा, भाव पडायच्या आत सटकू या म्हणून. या घबराटीला हवा देऊन घरं स्वस्तात उचलणारे एजंटही होते, ते आमच्या धंद्याचं पाप. शेवटी टाऊनने १९७४ मध्ये अंगणात बोर्ड लावायलाच बंदी केली. हेतू चांगला होता. ती बंदी १९७७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने रद्द केली, भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर. निकाल लिहिला थरगुड मार्शल यांनी, ज्यांनी वकील म्हणून १९५४ मध्ये शाळांमधलं वांशिक विभाजन मोडून काढलं होतं. मी आजही अंगणात बोर्डचा खांब ठोकून घेते तेव्हा कधीकधी हे आठवतं.

त्याच काउंटीतलं माउंट लॉरेल. तिथे एथेल लॉरेन्स यांचं कृष्णवर्णीय घराणं पिढ्यान्‌पिढ्या राहत होतं. मूळच्या गरीब लोकांसाठी परवडणारी घरं बांधायची म्हटल्यावर टाऊनने झोनिंगवर, म्हणजे कुठे काय बांधता येईल याच्या नियमांवर, बोट ठेवलं. झोनिंगमध्ये वंशाचा 'व'सुद्धा नसतो. फक्त एवढंच असतं की प्लॉट अमुक मोठा हवा, एका प्लॉटवर एकच कुटुंब हवं, अपार्टमेंट नकोत. आणि कुठे अपार्टमेंट चालणार असतील तर बेडरूमची संख्या मर्यादित. कारण तिसऱ्या बेडरूममध्ये मूल झोपतं, मूल शाळेत जातं, आणि शाळेचा खर्च प्रॉपर्टी टॅक्सवर पडतो. पंचावन्नच्या वरच्यांसाठी कॉलनी काढायला मात्र टाऊन एका पायावर तयार. १९७५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने हे चालणार नाही, प्रत्येक टाऊनने परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलायला हवा, असा निकाल दिला. त्याला पन्नास वर्षं झाली. टाऊन कोर्टात भांडतायत, थोडी थोडी घरं बांधतायत, पुन्हा भांडतायत. तुम्ही ज्या टाऊनची नावं ऐकलीत त्यांच्या कौन्सिलची एखादी मीटिंग ऐका. परवडणाऱ्या घरांचा विषय निघाला की ट्रॅफिक, पार्किंग, पावसाचं पाणी आणि 'शाळेवरचा भार' हे चार मुद्दे येतातच. मी असंख्य मीटिंगना बसलेय. वंश कुणीच काढत नाही.

आता शाळांकडे. एक सोपा प्रयोग सांगते, पेट्रोल सोडून खर्च नाही. नेवार्कमधून स्प्रिंगफिल्ड ॲव्हेन्यूने पश्चिमेला निघा. नेवार्क संपून आयर्विंग्टन लागतं, मग मेपलवूड, मग युनियन. रस्ता तोच, नाव तेच, दुकानांवरच्या पाट्या मात्र बदलत जातात आणि स्कूल डिस्ट्रिक्टही प्रत्येक हद्दीला बदलतो. न्यू जर्सीत असे सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत. मूल ज्या बाजूला झोपतं त्या बाजूच्या शाळेत जातं. घराचा वार्षिक टॅक्स राज्यात सरासरी दहा हजार डॉलरच्या घरात, आणि त्यातला निम्म्याहून जास्त शाळेला. म्हणजे महाग घरांचं टाऊन आपला टॅक्स आपल्याच शाळेत घालतं आणि शाळा चांगली म्हणून घर आणखी महाग होतं. या रेषेला हात लावता येईल का, हे देशाच्या सुप्रीम कोर्टाने दोनदा ठरवलं. १९७३ च्या रॉड्रिग्ज खटल्यात त्यांनी सांगितलं की श्रीमंत डिस्ट्रिक्टला जास्त आणि गरीब डिस्ट्रिक्टला कमी पैसा मिळाला तर त्यात संघराज्याच्या घटनेचा भंग नाही. १९७४ च्या मिलिकेन खटल्यात, पुन्हा डेट्रॉइट, पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं की शहराच्या शाळा वेगळ्या पडल्या म्हणून भोवतालच्या ५३ उपनगरी डिस्ट्रिक्टना त्यात ओढता येणार नाही. त्या निकालानंतर, शहरातल्या गोऱ्या कुटुंबाला मिश्र शाळा टाळायची तर फक्त हद्द ओलांडायची होती. काँक्रीटच्या भिंतीची गरजच उरली नाही.

न्यू जर्सीने मात्र वेगळा रस्ता धरला, याचं श्रेय द्यायला हवं. १९४७ च्या राज्यघटनेत इथे सरकारी शाळांतलं वांशिक विभाजन नाव घेऊन बंद केलं, दिल्लीत आपली घटना समिती काम करत होती त्या वर्षी. प्रिन्स्टनने लगेच १९४८ मध्ये एक साधी युक्ती केली. गावात गोऱ्यांची एक शाळा आणि कृष्णवर्णीयांची एक. दोन्ही मोडून एका इमारतीत सगळी लहान मुलं आणि दुसरीत सगळी मोठी मुलं घातली. गायक-नट पॉल रोबसन याच गावात १८९८ मध्ये जन्मले, वेगळ्या शाळांच्या काळात. पुढे राज्याच्या कोर्टाने ॲबट खटल्यांत ३१ गरीब डिस्ट्रिक्टना श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीने पैसा द्यायला लावला, आणि १९९८ मध्ये तिथल्या तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी मोफत प्री-स्कूल. तुम्ही जर्सी सिटीत आहात, ती त्या ३१ मधली एक आहे. मुलगी तिथल्या सरकारी प्री-केला फुकट जात असेल तर ती या खटल्याची कमाई आहे. तुमच्या यादीतल्या नऊ-दहा रेटिंगच्या टाऊनमध्ये याच वयाला खाजगी डेकेअरचे महिन्याला दोन हजार डॉलर सहज मोजलेत माझ्या गिऱ्हाइकांनी.

तेव्हा "नेवार्कच्या शाळांना पैसाच नाही" हे वाक्य या राज्यापुरतं जुनं झालं. पैसा बऱ्यापैकी पोचला, शेजार पोचला नाही. २०१८ मध्ये काही संघटनांनी आणि कुटुंबांनी शाळा अजून वंशानुसार वेगळ्या आहेत म्हणून राज्याविरुद्ध दावा लावला, मुद्दाम १७ मेला, म्हणजे मार्शल यांनी जिंकलेल्या १९५४ च्या ब्राऊन निकालाच्या तारखेला. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी मान्य केलं की पुष्कळ डिस्ट्रिक्टमध्ये वांशिक असमतोल ठळक आहे, पण संपूर्ण राज्याची व्यवस्था घटनाबाह्य ठरवायला पुरावा अपुरा आहे. मॉरिसटाऊन हे उलट उदाहरण. १९७१ मध्ये कोर्टाने सांगितलं की राज्याचा शिक्षण आयुक्त दोन डिस्ट्रिक्ट एकत्र करू शकतो, आणि शहर व भोवतालचं टाऊनशिप यांच्या शाळा एक झाल्या. अजून एक आहेत. तिथे घरं काही कवडीमोल झालेली नाहीत, हे धंद्यातली बाई म्हणून सांगते.

तुमचा मुख्य प्रश्न, हा फक्त पैशाचा खेळ नाही का? असता तर सारख्या पगाराची माणसं सारख्या वस्तीत दिसली असती. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवलं की वर्षाला साठ हजार डॉलर मिळवणारं कृष्णवर्णीय कुटुंब सरासरीने ज्या उत्पन्नाच्या वस्तीत राहतं, तशा वस्तीत गोरं कुटुंब राहतं तेव्हा त्याचं उत्पन्न बारा हजारांच्या आसपास असतं. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती. मग माझ्याच फाइली आठवल्या. घर पगारावर घेतलं जात नाही हो, डाऊन पेमेंटवर घेतलं जातं, आणि डाऊन पेमेंट कुठून येतं? मी ज्या गोऱ्या तरुण जोडप्यांना घरं विकली, त्यांतल्या कितीजणांच्या कागदांत 'गिफ्ट लेटर' असतं, म्हणजे आईवडिलांनी दिलेली भेट, परत करायची नाही असं लिहून दिलेलं. ती भेट बहुतेकदा आजोबांच्या १९५० च्या घरातून आलेली असते. लेविट कंपनीच्या पहिल्या, लाँग आयलंडवरच्या लेविटटाऊनमध्ये घर आठ हजार डॉलरला मिळत होतं, सरकारी विम्याच्या कर्जावर. ज्यांच्या आजोबांना ते घ्यायला बंदी होती त्यांच्या नातवाच्या फाइलीत गिफ्ट लेटर नसतं. २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यम संपत्ती २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००.

घर मिळालं तरी पुढे अप्रेझल, म्हणजे घराची किंमत ठरवणारं मूल्यांकन, आहेच. कॅलिफोर्नियातल्या एका कृष्णवर्णीय जोडप्याने घरातले आपले फोटो उतरवून, गोऱ्या मैत्रिणीला मालकीण म्हणून उभं करून दुसऱ्यांदा मूल्यांकन करून घेतलं, तर जवळपास पाच लाख डॉलर वाढले. ते प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि मिटलं. फोटो मी सगळ्यांचेच उतरवायला लावते, स्टेजिंगचा, म्हणजे विकण्यासाठी घर सजवण्याचा, भाग म्हणून. पण काही गिऱ्हाइकं सांगायच्या आधीच उतरवून बसलेली असतात, आणि ती कोण असतात ते मी बघितलंय.

आणि आपण? आपण या नकाशात उशिरा शिरलो. १९६५ च्या कायद्याने शिकलेल्या भारतीयांना दार उघडलं, तोवर भिंती बांधून झाल्या होत्या. आपल्याला मार बसला नाही असं नाही. १९८७ मध्ये जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावाची टोळी कपाळावरची टिकली बघून माणसं गाठायची, त्याच सुमारास शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी यांना मारहाण झाली आणि त्यांचा जीव गेला. ज्यांनी हे सोसलं त्यांच्यातले पुष्कळ पुढे एडिसनकडे सरकले. पण त्याच लोकांच्या, आपल्याच लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कृष्णवर्णीयांसाठी जो शब्द सर्रास चालतो तो मी इथे लिहिणार नाही. ज्यांना पुण्यात फ्लॅट भाड्याने घेताना "आडनाव काय? नॉनव्हेज करता का?" विचारलं गेलंय, त्यांना हे वेगळं समजावून द्यावं लागू नये. डॉ. आंबेडकर न्यू यॉर्कात तीन वर्षं राहून शिकले, आणि १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून धर्मशाळेत राहावं लागलं आणि तिथूनही बाहेर काढलं गेलं. एक गंमत अशी की भिंतीच्या आत गेलेला देसी माणूसही कायमचा आत नसतो. कॅलिफोर्नियातल्या सधन उपनगरांचा अभ्यास झालाय, तिथे आशियाई मुलं वाढली की गोरी मुलं कमी होतात. कारण सांगताना तेव्हा 'शाळा वाईट' असं नाही म्हणत, 'फार स्पर्धा आहे' म्हणतात.

मग तुम्ही काय करायचं? मुलीला प्रयोगाचं साधन करा असं मी म्हणणार नाही. वस्तीचा मुलांवर परिणाम होतो हे खरं आहे. १९९४ मध्ये पाच शहरांत सरकारने गरीब कुटुंबांना लॉटरीने चांगल्या भागात जायची संधी दिली होती. तेरा वर्षांच्या आत तिथे गेलेल्या मुलांची कमाई पुढे साधारण ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. पण तो फरक गरिबीतून बाहेर पडण्याचा होता. तुमच्या घरात दोन पगार आणि दोन पदव्या आहेत. तुमच्या मुलीला सातच्या आणि दहाच्या शाळेत जो फरक पडेल तो तुम्हाला वाटतोय त्याच्या पावपटही नसेल, आणि त्या तीन आकड्यांसाठी तुम्ही घराला दोन-तीन लाख डॉलर जास्त मोजाल.

राज्याच्या शिक्षण खात्याचे प्रत्येक शाळेचे अहवाल फुकट मिळतात. त्यात निकालाची टक्केवारी सोडून 'ग्रोथ' बघा, म्हणजे मूल गेल्या वर्षीच्या तुलनेत, आपल्यासारख्याच मुलांच्या मानाने किती पुढे गेलं. काही 'सहा'च्या शाळांची ग्रोथ 'दहा'च्या शाळांपेक्षा चांगली दिसेल. शाळा मिश्र असेल तर एक प्रश्न मुख्याध्यापकांना नक्की विचारा, ऑनर्सच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या, वर्गात कोण बसतं? पुष्कळ ठिकाणी इमारत एक आणि आत शाळा दोन असतात, वरच्या वर्गात गोरी आणि आशियाई मुलं, खालच्या वर्गात बाकीची. मंगळवारी सकाळी शाळा भरताना गेटसमोर पंधरा मिनिटं उभे राहा. मला तरी रेटिंगच्या वेबसाइटपेक्षा तिथे जास्त कळतं. पत्ता उसना घेऊन दुसऱ्या टाऊनच्या शाळेत घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. डिस्ट्रिक्ट माणसं लावून तपास करतात, आणि ओहायोत २०११ मध्ये वडिलांच्या पत्त्यावर मुलींना शाळेत घातलं म्हणून एका कृष्णवर्णीय आईने नऊ दिवस तुरुंगात काढलेत.

ज्या नातेवाइकांनी रस्त्याचं नाव सांगितलं त्यांना विचारा, पलीकडे शेवटचे कधी गेला होतात? मी हे विचारते तेव्हा बहुतेकदा उत्तर येतं, "आम्ही नाही गेलो, पण सगळे म्हणतात." दोन्ही बाजू पायी फिरून या, एकदा शनिवारी दुपारी, एकदा आठवड्यातल्या संध्याकाळी.

आणि एजंट बाईंना पुन्हा वस्ती विचारू नका. त्यांना विचारा, या घराचा अटेंडन्स झोन कुठल्या शाळेचा आहे, गेल्या पाच वर्षांत तो बदललाय का, टॅक्ससाठी घरांचं रिव्हॅल्युएशन, म्हणजे फेरमूल्यांकन, कधी झालं आणि टॅक्स कितीवर जाईल. याची उत्तरं त्या घडाघडा देतील.